घोडा ओळखीच्याच वस्तूला का बुजतो?

‘बुजणे’ हा मराठीतला फार नेमका शब्द आहे. घोडा नुसता घाबरत नाही, तो बुजतो. म्हणजे चालता चालता एकदम थांबतो, मान वर काढतो, कान ताठ करतो आणि पुढच्या क्षणी अंग चोरून बाजूला उडी घेतो. शेतातलं बुजगावणं याच शब्दाच्या घरातलं. पालकसभेत ‘आमचं मूल जरा बुजरं आहे हो’ असं आपण ऐकतो, तेही इथलंच. म्हणून हा पाठ घोड्याचा असला तरी शिक्षकांनी आणि पालकांनी वाचावा असं वाटतं.

नवी वस्तू पाहून घोडा बुजला तर कुणाला नवल वाटत नाही. कोडं पडतं ते ओळखीच्या वस्तूचं. फाटकाजवळचा निळा पिंप तो रोज पाहतो, रोज त्याच्या शेजारून जातो आणि एके दिवशी त्याच पिंपाला पाहून चारही पाय रोवून उभा राहतो. मग धरणारा चिडतो. ‘नाटकं करतोय, रोज बघतो की!’ असं म्हणून चाबूक उचलला जातो. खरी चूक इथे होते, आणि ती माणसाची असते.

घोडा नाटकं करत नसतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. जवळजवळ ३५० अंशांचा परिसर त्याला एकाच वेळी दिसतो. कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग तेवढा दिसत नाही. लाल आणि हिरवा हे रंग त्याला आपल्यासारखे वेगळे ओळखता येत नाहीत. निळा आणि पिवळा चांगले कळतात. लख्ख उन्हातून सावलीत शिरलं की त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. झाडाखालची काळी सावली त्याला क्षणभर खड्ड्यासारखी वाटली तर दोष कुणाला द्यायचा?

अलेक्झांडरची गोष्ट मुलांना माहीत असते. कुणालाच आवरत नसलेला ब्युसेफेलस स्वतःच्याच सावलीला बुजतो हे त्या पोराने ओळखलं आणि घोड्याचं तोंड सूर्याकडे वळवलं, असं प्लुटार्कने लिहून ठेवलं आहे. सावलीइतकी ओळखीची वस्तू दुसरी कोणती?

आता जरा अलीकडचं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात टेंपल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण घोड्यांवर एक साधा प्रयोग केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. (ग्रँडिनबाई स्वतः स्वमग्न आहेत आणि जनावरं जग कसं पाहतात यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं आहे.) लहान मुलांचं एक रंगीत प्लॅस्टिकचं खेळघर ठेवलं आणि घोड्यांना त्याच्या शेजारून पुन्हा पुन्हा नेलं. घोडे सरावले. मग तेच खेळघर त्याच जागी नव्वद अंशांत फिरवून ठेवलं. झालं! सरावलेले घोडे नवीच वस्तू पाहिल्यासारखे बिचकू लागले. वस्तू तीच, बाजू तेवढी वेगळी.

यातून फाटकाजवळच्या पिंपाचा उलगडा होतो. पिंप कुणीतरी आडवा केला असेल, त्यावर ओलं फडकं वाळत घातलं असेल किंवा घोडा आज उलट्या दिशेने आला असेल. जाताना मुकाट्याने गेलेला घोडा परतताना त्याच ठिकाणी बुजतो तो यामुळेच. पुष्कळ लोक सांगतात की घोड्याच्या एका डोळ्याने पाहिलेलं दुसऱ्या डोळ्याला कळतच नाही. ते तितकंसं खरं नाही. एका डोळ्याने शिकलेलं दुसऱ्या डोळ्यानेही ओळखता येतं, हे तपासून पाहिलं गेलं आहे. अडचण आहे ती वस्तूचा आकारच दुसऱ्या बाजूने वेगळा दिसण्याची.

मग करायचं काय?

सगळ्यात आधी दुखणं नाही ना, हे पशुवैद्याकडून पाहून घ्यावं. डोळ्यात फूल पडलेला, पाठीला खोगीर काचलेला, दात टोचणारा घोडा जास्त बुजतो, आणि त्याला धडे देऊन काही उपयोग नाही. वर्गातसुद्धा फळ्यावरचं न दिसणाऱ्या मुलाला आपण आळशी ठरवून बसतो, तसंच हे.

दुखणं नसेल तर बंदिस्त, ओळखीच्या आवारात सुरुवात करावी. पिंप लांब ठेवायचा. किती लांब? घोडा त्याच्याकडे बघेल, कान टवकारेल, पण तोंडातला घास चावणं थांबवणार नाही, इतक्या लांब. हे अंतर मोजपट्टीने ठरत नाही. एकाला वीस पावलं पुरतात, दुसऱ्याला पन्नासही कमी पडतात. तिथे उभं राहून त्याला मनसोक्त पाहू द्यावं. मान खाली आली, नाकातून लांब श्वास सुटला, कान पुन्हा इकडेतिकडे फिरू लागले, की दोन पावलं पुढे. आणि लगेच दोन पावलं मागे! हे मागे येणं फार महत्त्वाचं. घोडा उधळल्यावर त्याला लांब नेलं तर ‘उधळलं की सुटका होते’ हा धडा तो पक्का करतो. तो शांत असतानाच आपण होऊन मागे आणलं, तर शांत राहिल्याने सुटका होते हे त्याला कळतं. धरणाऱ्याने खांद्याजवळ उभं राहावं, दोर सैल ठेवावा. तोंडासमोर उभं राहून दोर खेचला तर घोड्याला पळायचीही सोय राहत नाही आणि तो अंगावर येतो.

शाबासकी म्हणून मूठभर चंदी चालते. त्याहून सोपं म्हणजे आयाळ जिथे संपते तिथे, मानेच्या मुळाशी खाजवणं. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि तिथे खाजवलं की त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात असं मोजमाप करून दिसलं आहे.

पिंपाला नाक लावलं म्हणजे धडा संपला असं समजू नये. उद्या तोच पिंप आडवा ठेवायचा. परवा दुसऱ्या बाजूने न्यायचं. मग संध्याकाळच्या उतरत्या उन्हात, मग आवाराबाहेर. एका बाजूने शिकलेलं दुसऱ्या बाजूला आपोआप लागू पडत नाही, ही गोष्ट गणिताच्या शिक्षकांना वेगळी सांगायला नको. ‘७ + ५’ येणारं मूल ‘१२ मधून ७ गेले’ म्हटल्यावर नवख्यासारखं बघतं ना!

एक धोका मात्र सांगायलाच हवा. दगडासारखा निश्चल उभा असलेला घोडा शांतच असेल असं नाही. मान ताठ, डोळे वटारलेले, श्वास रोखलेला, तोंड घट्ट मिटलेलं, तर तो गोठलेला आहे. त्या क्षणी पुढे ढकललं तर तो न सांगता उधळतो. ‘वर्गात अगदी गप्प बसतो, काही त्रास नाही’ असा शेरा आपण प्रगतिपुस्तकात लिहितो, तेव्हाही हा फरक पाहायला हवा.

हे सगळं वेळखाऊ आहे, त्यापेक्षा एकदाच पिशवी अंगावर फडफडवून भीती मोडून काढावी, असं म्हणणारेही भेटतात. डेन्मार्कमध्ये तरुण घोड्यांवर याची तुलना झाली. पांढरी नायलॉनची पिशवी वापरली होती. पिशवीची ओळख पायरीपायरीने करून दिलेले घोडे कमी उधळले, कमी खेपांत शिकले आणि त्या गटातले सगळेच शिकले. एकदम पुरती भीती समोर आणलेल्या गटातले काही शेवटपर्यंत सरावले नाहीत. सरावलेला सोबती बरोबर असेल तर नवखा घोडा कमी घाबरतो, हेही तिथल्याच संशोधकांनी दाखवलं. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या छोट्या पीटरची भीती जवळपास अशीच घालवली होती. तो खात असताना ससा लांबून हळूहळू जवळ आणायचा, आणि न भिणारी मुलं आसपास ठेवायची.

चाबकाबद्दल झेनोफनने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. बुजलेल्या घोड्याला मारलं तर ती वेदना त्या वस्तूमुळेच झाली असं त्याला वाटतं आणि भीती दुप्पट होते. त्यापेक्षा स्वतः त्या वस्तूला हात लावून दाखवावा, मग घोड्याला हळूच जवळ न्यावं. नुसता राग आवरूनही भागत नाही. स्वीडनमधल्या एका प्रयोगात घोडा धरणाऱ्यांना सांगितलं होतं की पुढच्या फेरीत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या आणि घोड्यांच्या, दोघांच्याही हृदयाचे ठोके वाढले.

आपल्याकडे या सगळ्याचा रोजचा संबंध माथेरानला येतो. तिथे मोटारींना बंदी आहे, दस्तुरी नाक्यापासून घोडे चालतात, आणि त्यांच्यावर कितीतरी घरांची चूल पेटते. डिसेंबर २०२२ पासून त्याच वाटांवर ई-रिक्षाही फिरू लागल्या. इंजिनाचा आवाज नसलेली गाडी वळणावरून अचानक पुढे येते, आणि येताना एक तर जाताना दुसरीच दिसते. घोड्याला ही ओळख करून द्यायची तर आधी रिक्षा बंद करून उभी ठेवावी, पुढून, मागून, दोन्ही अंगांनी दाखवावी, मग ती हळू आणि लांबून चालवावी, शेजारी सरावलेला घोडा उभा करून. पर्यटकांच्या गर्दीत हा धडा होणार नाही, पावसाळ्यातल्या रिकाम्या दिवसांत होऊ शकेल.

सहलीला मुलांना नेणार असाल तर डोक्याला शिरस्त्राण आहे का ते बघा, आणि घोडा बुजलाच तर किंचाळायचं नाही, खोगिराचा पुढचा भाग धरून टाचा खाली दाबून बसायचं, हे मुलाला जमिनीवर असतानाच सांगा. हातातला फुगा, उघडी छत्री, कुरकुऱ्यांची चुरचुरणारी पिशवी खालीच राहू द्या.