सिमेंट लावलं, तरी भिंतीला लोणा का?

प्रश्न : गुहागरजवळचं आमचं चिऱ्याचं घर पणजोबांनी बांधलेलं. पाच वर्षांपूर्वी चुन्याचा जुना गिलावा खरवडून सिमेंटचं प्लॅस्टर केलं, वर प्लास्टिक पेंट मारला. तरी दर पावसाळ्यानंतर कमरेइतक्या उंचीपर्यंत पोपडे सुटतात, पांढरी पूड सांडते. आता वॉटरप्रूफिंगवाला आणखी एक थर द्या म्हणतोय. द्यावा का? अशा घराचा जाणता सल्ला कुठे मिळतो?

उत्तर : नका देऊ. रोग त्या थरातच आहे.

चिरा म्हणजे जांभा, सच्छिद्र दगड. जोत्याखालची ओल तो दिव्याच्या वातीसारखी वर ओढतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती वाफ होऊन निघून जायची. सिमेंटनं ती वाट बुजवली. पाणी अडलं, आणखी वर चढलं आणि सोबतचे क्षार पृष्ठभागाशी येऊन साकळले. क्षारांचे खडे फुगले की प्लॅस्टर उचकटतं. तुमची पांढरी पूड म्हणजे हाच लोणा.

आधी एक साधी परीक्षा करा. दोन फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारी कडांनी भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. थेंब आतल्या बाजूला धरले तर ओल भिंतीतली. बाहेरच्या बाजूला धरले तर खोलीतल्या दमट हवेची.

पैसे मात्र भिंतीवर घालण्याआधी घराबाहेर घाला. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचतं का? पडवीबाहेर सिमेंटचा कोबा केलाय, आणि त्याचा उतार घराकडेच आहे? (आमच्या घरी नेमका हाच घोळ होता. दोष गवंड्याचा नव्हे, आमच्या घाईचा.) पन्हळ नीट करून पाणी दूर काढलंत, की निम्मं काम झालं.

मग खालचं सिमेंट उतरवा, भिंत वाळू द्या, सुटलेला लोणा कोरड्या ब्रशनं झाडा. नवा गिलावा एक भाग चुना, तीन भाग वाळू असा. वाळू किनाऱ्यावरची नको, तिच्यातून नवं मीठ भिंतीत जाईल. कळीचा चुना विरवताना उकळतो, तेव्हा डोळ्यांना चष्मा हवाच. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगड होतो, म्हणून गिलावा काही दिवस ओलसर ठेवावा लागतो. वरून रंग नको, चुन्याची सफेदीच.

सल्ल्याचं म्हणाल तर पहिला माणूस गावातला म्हातारा गवंडी. त्याच्या हातात जे आहे ते कुठल्या माहितीपत्रकात नाही. दुसरी ‘इंटॅक’, वारसा जतनासाठी 1984 साली स्थापन झालेली संस्था. मुंबई, पुणे, गोव्यात तिच्या शाखा आहेत, आणि जुन्या बांधकामाचे जाणकार वास्तुविशारद तिथून कळू शकतात. ठेकेदार चुन्याच्या दर्जावरून वाद घालू लागला तर बांधकामाच्या चुन्याचं भारतीय मानक ‘आयएस 712’ दाखवा. भिंत पोटातून फुगली असेल किंवा तुळईला वाळवी लागली असेल, तर मात्र आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग बाकी सगळं.

आणि खर्चाला हात घालण्यापूर्वी ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढून कुणाकुणाची नावं लागलीत ते पाहा. भाऊबंदांची संमती लेखी घ्या.

काम दिवाळीनंतर काढा. मिरगाच्या आत भिंत सुकलेली हवी.