रे डँड्रिज : गुण होते, दार बंद होते

अंगी गुण असले की संधी आपोआप मिळते, असे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. अमेरिकन बेसबॉलपटू रे डँड्रिज यांच्या जीवनावरून आपण हे तपासून पाहू.

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्याच वर्षी रिचमंड येथे एका कृष्णवर्णीय घरात डँड्रिज जन्मले. बेसबॉलच्या मोठ्या संघांत तेव्हा काळ्यांना प्रवेश नव्हता. तसा लेखी नियम नव्हता. पण अलिखित नियम किती कडक असतो, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून १९२० साली कृष्णवर्णीयांनी स्वतःची 'निग्रो नॅशनल लीग' उभारली. डँड्रिज १९३३ पासून अशा संघांतून खेळले. न्यूअर्क ईगल्सच्या तिसऱ्या बेसवरील त्यांचे क्षेत्ररक्षण नावाजले गेले. पुढे अनेक वर्षे ते मेक्सिकोत खेळले.

१९४७ साली जॅकी रॉबिन्सन यांनी वर्णाची भिंत फोडली. १९४९ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने डँड्रिज यांना मिनियापोलिसच्या दुय्यम संघात घेतले. तोवर पस्तिशी गाठलेली. तरीही त्यांनी दर हजार संधींत ३६२ या सरासरीने यशस्वी फटके मारले. १९५० साली ते त्या लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. मुख्य संघाचे बोलावणे मात्र आले नाही. १९५१ मध्ये ते आले तरुण विली मेज यांना, ज्यांना डँड्रिज यांनीच मार्गदर्शन केले होते.

१९८७ साली त्यांना 'हॉल ऑफ फेम'चा मान मिळाला. १९९४ साली ते वारले. त्या कृष्णवर्णीय लीगना 'मेजर लीग'चा दर्जा मिळाला तो २०२० साली!

मान उशिरा देता येतो. उमेदीची वर्षे परत देता येत नाहीत. म्हणून समान संधी ही कुणाची मेहेरबानी नव्हे, तो वेळेवर मिळायचा हक्क आहे.