करोनानंतर महिन्याभराने येणारा ताप

प्रश्न : घरातील सर्वांना करोना होऊन गेल्यावर महिन्याभराने आठ वर्षांच्या मुलाला तीव्र ताप आला, तर तो साधा समजावा काय?

उत्तर : मुळीच समजू नये. संसर्ग ओसरल्यानंतर साधारणतः २ ते ६ आठवड्यांनी काही थोड्या मुलांची प्रतिकारयंत्रणा अनावर होते आणि हृदय, आतडी, त्वचा अशा अनेक अवयवांचा एकाच वेळी दाह होतो. या विकाराला ‘एमआयएस-सी’ म्हणतात. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी त्याकडे लक्ष वेधले, तेव्हा तो तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये जपानमध्ये वर्णिलेल्या आजारासारखा भासला, परंतु एमआयएस-सीमध्ये मुले सहसा वयाने मोठी असतात आणि पोटदुखी कधी इतकी तीव्र असते की अपेंडिक्सचीच शंका यावी. मूळ संसर्ग पुष्कळदा घरात कोणाच्या ध्यानातही आलेला नसतो. चिपडे नसलेले लालभडक डोळे, फुटलेले ओठ, अंगावर पुरळ आणि तापातही गार पडलेले हातपाय दिसल्यास एक रात्रही वाट पाहू नये, कारण रक्तदाब झपाट्याने उतरू शकतो. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून वेगळी काढलेली प्रतिपिंडे, आणि स्टिरॉइड वेळेवर मिळाल्यास बहुतेक मुले बरी होतात; मात्र हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या फुगल्या नाहीत ना, हे पाहण्यासाठी काही आठवड्यांनी पुन्हा टूडी-इको तपासणी करावी लागते.