घरापुढील आकडा

समुद्राची पातळी वाढत आहे, हे विधान ऐकून कोणी दचकत नाही. कारण ती वाढ डोळ्यांना दिसत नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली. २००६ ते २०१८ या वर्षांत तिचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. बोटाचे नख महिन्याभरात जितके वाढते, साधारण तितकेच पाणी वर्षभरात वर येते! तापलेले पाणी प्रसरण पावते आणि जमिनीवरील बर्फ वितळून समुद्रास मिळते, ही या वाढीची दोन मुख्य कारणे होत.

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या दक्षिण भागात ही मंद वाढ विशेष घातक ठरते. तेथील भूमी सखल असून तिच्याखालचा चुनखडीचा खडक स्पंजाप्रमाणे सच्छिद्र आहे. किनाऱ्यावर भिंत बांधली तरी पाणी खडकातून पाझरते. मायामीत तर मोठ्या उधाणाच्या दिवशी, आभाळ निरभ्र असतानाही, ते रस्त्यावरील गटारांतून उलट वर येते. भूजल चढले की घरोघरचे शोषखड्डे काम देईनासे होतात. यास्तव आपले घर समुद्रसपाटीपासून किती फूट उंच आहे, हा तेथे मोठा प्रश्न होय. आणि सपाट प्रदेशात नेमके तेच नजरेने कळत नाही.

मायामीच्या दक्षिणेस पाइनक्रेस्ट नावाची वस्ती आहे. झेवियर कोर्टाडा या चित्रकाराने डिसेंबर २०१८ मध्ये तेथील रहिवाशांना एक साधे काम सांगितले: आपल्या घराची उंची शोधून काढावी आणि तेवढाच आकडा लिहिलेला फलक अंगणात रोवावा. समुद्र किती फूट चढला म्हणजे अंगणात येईल, ते तो आकडा सांगतो. फलकांची रंगीत पार्श्वभूमी कोर्टाडा यांनी पूर्वी अंटार्क्टिकातील बर्फ वितळवून त्या पाण्याने काढलेल्या चित्रांतून घेतली होती. पुढे रस्त्यांच्या चौकांतही असे आकडे रंगविण्यात आले.

असा फलक लावणे वाटते तितके सोपे नाही. ज्याला उद्या घर विकावयाचे आहे, त्याने आपल्याच दारात लहान आकडा का मिरवावा? आणि आकडा मोठा असला, तरी निश्चिंत होता येत नाही. दहा फुटांवर राहणाऱ्यालाही तीन फुटांच्या चौकातूनच बाहेर पडावे लागते. शिवाय हा आकडा म्हणजे भविष्यकथन नव्हे. वादळाची लाट आणि उधाण यांमुळे पाणी त्याआधीही घरात शिरू शकते.

फलक लावणाऱ्यांच्या मंडळाला ‘पाण्याखालील घरमालकांचा संघ’ असे नाव देण्यात आले. त्यात एक श्लेष आहे. घराच्या किमतीहून त्यावरील कर्ज अधिक झाले, की ते घर पाण्याखाली गेले असे अमेरिकेत म्हणतात. एरवी तेथील घरमालकांचे संघ हिरवळ, कुंपणे आणि भिंतींचे रंग यांचे नियम करीत असतात. या संघाची पहिली सभा जानेवारी २०१९ मध्ये भरली, तेव्हा चर्चेचा विषय होता शेजाऱ्यांचे आकडे.