डिझेलचे दहा हजार डॉलर वसूल होतात का?

अमेरिकेत ट्रेलर ओढायला पिकअप घ्यायचा म्हटलं की सल्ल्यांना तोटा नसतो. शेजारचा बोटवाला, ऑफिसातला सहकारी, डीलरकडचा सेल्समन, सगळे एकाच सुरात सांगतात: ओढायचं असेल तर डिझेलच घे. इथली मराठी कुटुंबंही आता हॉटेलांना कंटाळून ट्रॅव्हल ट्रेलरकडे वळू लागली आहेत. स्वयंपाकघर सोबत असलं की यलोस्टोनमध्येही वरणभात होतो, मुलं खूश, आजी-आजोबाही खूश. ट्रेलर आधी पसंत होतो, गाडीचा प्रश्न नंतर येतो, आणि तिथे हे कुटुंब सेल्समनच्या तावडीत सापडतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक कुटुंबांना डिझेल लागत नाही. ज्यांना लागतं, त्यांच्यापैकीही बहुतेकांचे जादा पैसे इंधनाच्या बचतीतून वसूल होत नाहीत. त्यांनी ते वेगळ्या कारणासाठी घ्यावं.

शेव्हरले सिल्व्हराडो 2500 एचडीचं उदाहरण घ्या, कारण एकाच गाडीत 6.6 लिटरची दोन्ही इंजिनं मिळतात. पेट्रोलचं (इथल्या पंपावरचं ‘गॅस’) 401 अश्वशक्तीचं आहे आणि त्याचा टॉर्क 464 पौंड-फूट, तोही मिनिटाला 4,000 फेऱ्यांना. ड्युरामॅक्स डिझेलची अश्वशक्ती 470, टॉर्क 975 पौंड-फूट, आणि तो 1,600 फेऱ्यांनाच हाताशी येतो. टॉर्क दुपटीहून जास्त म्हटल्यावर माणूस भुलणारच. पण या इंजिनासाठी नव्या गाडीवर साधारण साडेनऊ ते अकरा हजार डॉलर जास्त मोजावे लागतात. फोर्ड आणि रॅमच्या मोठ्या पिकअपमध्येही फरक याच घरातला असतो. दहा हजार धरू. सात टक्क्यांनी सहा वर्षांचं कर्ज काढलं तर या दहा हजारांचाच हप्ता महिन्याला 170 डॉलर पडतो, आणि फेडून होईपर्यंत रक्कम सव्वाबारा हजारांच्या वर जाते. सेल्स टॅक्स वेगळा.

आता बचतीकडे. समजा वर्षाला 10,000 मैल रिकामी गाडी आणि 4,000 मैल ट्रेलर लावून, म्हणजे एक मोठी सुट्टी आणि काही लांबलेले वीकएंड. पेट्रोल पिकअप रिकामा गॅलनला 14 मैल आणि ट्रेलरसह 9 मैल देईल. डिझेल अनुक्रमे 18 आणि 12. पेट्रोलला वर्षाला 1,158 गॅलन लागले, डिझेलला 889. पेट्रोल 3.20 आणि डिझेल 3.80 डॉलर गॅलन धरलं तर खर्च होतो 3,706 आणि 3,378 डॉलर. बचत 328 डॉलर. वर्षाची, महिन्याची नव्हे.

तीही पूर्ण खिशात पडत नाही. डिझेलला डीईएफ हे युरियाचं द्रावण लागतं, इंधनाच्या दोन-तीन टक्के, म्हणजे वर्षाला ऐंशी-नव्वद डॉलर. तेलबदलाला पेट्रोलच्या आठ क्वार्टच्या जागी दहा ते तेरा क्वार्ट तेल जातं. डिझेलचे फिल्टर ठरावीक मैलांनी बदलावे लागतात. हे सगळं वजा करून दीड-दोनशे डॉलर उरले तर नशीब. डिझेल पिकअपला जुन्या बाजारात भाव चांगला येतो हे खरं. समजा जादा दिलेल्या रकमेतले निम्मे विकताना परत आले, तरी उरलेले पाच हजार असे दीड-दोनशेंनी फिटायला पंचवीस-तीस वर्षं लागतील. तोवर ट्रेलरमध्ये फिरणारी मुलं स्वतःच्या मुलांना घेऊन फिरत असतील.

तुमच्या गावचे भाव वेगळे असतील, ते घालून हिशोब करा. डिझेल जवळजवळ सगळीकडे महाग असतं, आणि त्याचं एक कारण करातच आहे: केंद्र सरकारचा कर पेट्रोलवर गॅलनला 18.4 सेंट आहे, डिझेलवर 24.4 सेंट.

हा हिशोब उलटतो तो मैल वाढले की. निवृत्त जोडपं घर भाड्याने देऊन वर्षभर फिरतंय, किंवा कुणी ट्रेलरवर माल पोचवण्याचा धंदा करतोय, आणि वर्षाला 20,000 मैल ओढण्याचेच होतात. तिथे सगळे खर्च वजा जाता डिझेल वर्षाला पाच-सहाशे डॉलर वाचवतं आणि विकताना परत न येणारे ते पाच हजार आठ-दहा वर्षांत फिटतात.

इंजिनाच्या वादात जो आकडा कुणी सांगत नाही, तो चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये. हा पेलोड. जाहिरातीत मिरवतात ती ओढण्याची क्षमता, 11 हजार, 13 हजार पौंड. पण ती गाठण्याच्या कितीतरी आधी पेलोड संपतो.

कसा, ते पाहा. भरलेला 7,500 पौंडांचा ट्रेलर आहे. त्याच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार पिकअपच्या हिचवर यायलाच हवा, कमी आला तर ट्रेलर मागे डुलायला लागतो. 13 टक्के धरले तर 975 पौंड. भार वाटून देणाऱ्या हिचचे स्वतःचे 100. चौघांचं कुटुंब 600. मागच्या हौद्यात जनरेटर, कूलर, खुर्च्या, शेगडी मिळून 200. बेरीज 1,875 पौंड. हाफ टन म्हणतात त्या 1500 किंवा एफ-150 वर्गातल्या बऱ्याच कुटुंबी गाड्यांच्या स्टिकरवर 1,500 ते 1,800 लिहिलेलं असतं. गाडी ट्रेलर ओढेल, आरामात ओढेल, पण तिच्यावरचा भार मर्यादेबाहेर गेलेला असेल.

माहितीपत्रकातल्या ‘ड्राय वेट’वर तर मुळीच विसंबू नका. ते रिकाम्या ट्रेलरचं वजन असतं. पाण्याचा गॅलन 8.3 पौंडांचा, 40 गॅलनची टाकी भरली की 330 पौंड वाढले. वर आपले कुकर, तवे, तांदूळ-पिठाच्या पिशव्या. ट्रेलरच्या प्लेटवरचं कमाल वजन धरूनच गणित मांडा. ट्रेलर आधीच घेतला असेल तर तो भरून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर न्या. पंधरा डॉलरच्या आसपास खर्चात प्रत्येक अॅक्सलचं वजन कागदावर मिळतं.

इथे डिझेलची एक बाजू सेल्समन क्वचितच सांगतो. डिझेल इंजिन आणि त्याच्यासोबतचा सरंजाम पेट्रोलपेक्षा सहाशे पौंडांच्या आसपास जड असतो. थ्री-क्वार्टर टन, म्हणजे 2500 वर्गातल्या अनेक गाड्यांची एकूण वजनमर्यादा 10,000 पौंडांच्या आसपास ठेवलेली असते, त्यामुळे जड इंजिनाचा भुर्दंड थेट पेलोडला बसतो. पेट्रोल इंजिनाची गाडी तीन हजार पौंड पेलत असेल, तर तीच गाडी महागड्या सजावटीसह डिझेलमध्ये घेतली की आकडा दोन-सव्वादोन हजारांवर येऊ शकतो. 14,000 पौंडांच्या फिफ्थ व्हीलचा (हौद्यातल्या हिचवर टेकणाऱ्या मोठ्या ट्रेलरचा) भार हौद्यावर 20 टक्के धरला तरी 2,800 पौंड येतो. म्हणजे ‘2500’ डिझेल घेऊनही भागत नाही, वन टन 3500 घ्यावा लागतो. काही राज्यांत एवढ्या ट्रेलरला परवान्याचेही वेगळे नियम आहेत. कॅलिफोर्नियात 10,000 पौंडांच्या वर जाताना डीएमव्हीकडे आधी चौकशी करा.

मग डिझेल घ्यायचं कशासाठी? घाटासाठी. आपल्याकडे खंडाळ्याचा चढ म्हटलं की इंजिन तापलेल्या गाड्या आठवतात. इथे डेन्व्हरहून पश्चिमेला आय-70 वर आयझेनहॉवर बोगद्यापाशी रस्ता 11,158 फुटांवर जातो. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे तिथे पोचेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश गेली. गाडी चढते, पण उजव्या लेनमधून, ट्रकांच्या मागे, 4,500 फेऱ्यांवर घोंघावत. त्या आवाजाने इंजिन बिघडत नाही, ते त्यासाठीच बनवलेलं असतं. सोबतच्या माणसांना मात्र त्रास होतो. टर्बोवाल्या डिझेलला उंचीचं फारसं सोयरसुतक नसतं.

उतरताना फरक आणखी जाणवतो. डिझेलच्या एक्झॉस्ट ब्रेकची कळ दाबली की गाडी सहा-सात टक्के उताराला स्वतःच वेग धरून ठेवते, पायातला ब्रेक थंड राहतो. पेट्रोल गाडीतही टो-हॉल मोडमध्ये गिअर खाली उतरून इंजिन वेग रोखतं, मध्यम ट्रेलरला ते पुरतंही. पण 12,000 पौंड मागे असताना रॉकी पर्वतातून वरचेवर जायचं असेल, तर मी डिझेलचे दहा हजार कुरकुर न करता मोजीन.

या दोहोंच्या मधली एक वाट आहे. हाफ टनमध्ये फोर्डचं 3.5 लिटर इकोबूस्ट पेट्रोलच पितं, पण टर्बोचं आहे. 400 अश्वशक्ती, 500 पौंड-फूट. 6,000 पौंडांपर्यंतचा ट्रेलर आणि अधूनमधून डोंगर, यासाठी ते उत्तम. हाफ टनमध्ये डिझेलच हवं असेल तर आता जीएमचं 3 लिटरचं ड्युरामॅक्स उरलंय. फोर्डने एफ-150चं डिझेल 2021 मध्ये आणि रॅमने 1500चं 2023 मध्ये बंद केलं. जीएमच्या या छोट्या डिझेलची जादा किंमत फार नसते, म्हणून वरचा दहा हजारांचा हिशोब त्याला लावू नका. पेलोडचा लावा.

रोजचा वापर कसा आहे, तेही पाहा. मुलांना शाळेत सोडणं, किराणा, पाच मैलांवरचं ऑफिस एवढंच असेल तर डिझेल पिकअप त्यासाठी वाईट. काजळी पकडणारा फिल्टर जळून साफ व्हायला सलग लांब, गरम धाव लागते; ती मिळाली नाही की फिल्टर तुंबतो आणि दुरुस्तीचं बिल हजारांत जातं. मिनेसोटाच्या हिवाळ्यात डिझेल गोठून घट्ट होऊ शकतं, आणि थंड इंजिन सकाळी सुरू व्हावं म्हणून रात्री ब्लॉक हीटर लावून ठेवावा लागतो. डीईएफची टाकी निळ्या झाकणाची असते. ते द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं तर गाडी सुरू करू नका, टो करून न्या. पंपावरही लक्ष हवं: डिझेलचं नोझल बहुतेक ठिकाणी हिरवं असतं, पण बीपीच्या पंपांवर पेट्रोलचं हिरवं असतं.

जुनं डिझेल स्वस्तात मिळतंय म्हणून धावणाऱ्यांसाठी दोन सूचना. पहिली, प्रदूषण-नियंत्रणाची यंत्रणा काढून टाकलेली, ‘डिलीट’ केलेली गाडी घेऊ नका. ती यंत्रणा काढणं केंद्रीय कायद्याने बेकायदा आहे आणि तपासणी असलेल्या राज्यात नोंदणीच अडेल. दुसरी, 2011 ते 2016 मधलं ड्युरामॅक्स, 2011 पासूनचं फोर्डचं 6.7 लिटर आणि 2019-20 चं रॅम कमिन्स, या गाड्यांत बॉशचा सीपी4 इंधनपंप येतो. तो फुटला तर धातूचे कण पूर्ण इंधनप्रणालीत जातात आणि बिल आठ-दहा हजारांवर जातं. रॅमने या पंपासाठी गाड्या परत बोलावल्या होत्या, ते काम झालंय का विचारा. पेट्रोलवाल्यांनीही निश्चिंत राहू नये; 2021 ते 2024 च्या जीएमच्या 6.2 लिटर व्ही-8 साठी 2025 मध्ये मोठा रिकॉल निघाला. कोणतीही जुनी गाडी असो, तिचा व्हीआयएन नंबर एनएचटीएसए या केंद्रीय वाहतूक-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो.

तर, 6,000 पौंडांपर्यंत हाफ टन पेट्रोल, जमलं तर टर्बोवालं. 7 ते 10 हजारांना थ्री-क्वार्टर टन पेट्रोल. याच गटात सर्वाधिक लोक विनाकारण डिझेल घेतात. 12 हजारांच्या वर, किंवा पर्वतातच राहत असाल, तर वन टन डिझेल. मधल्या दोन हजारांत तुमचा रस्ता सपाट की डोंगराळ, यावर ठरवा. आणि वर्षातून दोनदाच कॅम्पिंगला जाणार असाल तर पिकअप घेऊच नका. कॅम्पग्राउंडवर आणून लावून दिलेले ट्रेलर भाड्याने मिळतात. हौसेला मोल नसतं, पण हप्त्याला असतं. डीलरकडे गेलात तर किंमत बोलण्याआधी दार उघडून, जी गाडी घेणार तिच्याच स्टिकरचा फोटो काढा, तशाच दुसरीचा नको, आणि घरी येऊन वरची बेरीज करून मगच सही करा.