दिल्लीचं तिकीट आणि एका मिनिटाची रील

गेल्या वर्षी उन्हाळ्यात संगमनेरहून एका शिक्षकांचा फोन आला. सुरुवातीची दोन-चार मिनिटं संकोचात गेली, मग खरी काळजी बाहेर आली. मुलगा बी.कॉम. झालेला. दिवसरात्र लॅपटॉपवर चित्रं हलवत बसतो आणि आता दिल्लीला जायचं म्हणतो. तिथल्या एका संस्थेत प्रवेश घ्यायचा, वर्षाची फी एकदम भरायची, पुढची नोकरी संस्थाच लावून देणार. "मॅडम, कार्टून काढून दिल्लीत पोट भरतं का हो?"

मी नोएडात बारा वर्षं मोशन ग्राफिक्सचं काम करते, त्यामुळे असे प्रश्न मला नवे नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियममध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, तेव्हा पुस्तकांच्या गर्दीतही एका आईने मला गाठून हेच विचारलं होतं. उत्तर सरळ आहे. पोट भरतं. पण दिल्लीत ज्या कामावर पोट भरतं, ते काम मुलाच्या डोळ्यांसमोर असलेल्या कामाहून बहुतेक वेळा वेगळं असतं. हे आधी समजलं नाही, तर वर्षभरात मूल खचतं आणि घरचे म्हणतात, आम्ही सांगतच होतो.

मुलांच्या डोळ्यांसमोर सिनेमा असतो. सिनेमाचं आणि टीव्हीवरच्या कार्टून मालिकांचं मोठं काम मुंबई, हैदराबाद, बंगळुरू, तिरुवनंतपुरम या बाजूला आहे. दिल्लीची परंपरा निराळी आहे. ती समजावून सांगण्याची परंपरा आहे, आणि ती घडवणाऱ्यांत एक मराठी बाई होत्या याचा मला फार अभिमान वाटतो.

विजया मुळे. १९२१ साली मुंबईत जन्म, लग्नानंतर पाटणा, शिक्षणासाठी इंग्लंडमधलं लीड्स, मग पुन्हा पाटणा आणि शेवटी दिल्ली. शहर बदलणं म्हणजे काय, हे त्या काळात त्यांच्याइतकं कोणी अनुभवलं असेल! 'एक अनेक और एकता' हा छोटा ॲनिमेशनपट त्यांनी १९७४ साली केला. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या ज्या पालकांनी दूरदर्शन पाहिलं, त्यांना पारध्याच्या जाळ्यासकट उडून जाणारी ती पाखरं नक्की आठवतील. ॲनिमेशन भीमसेन यांचं, संगीत आपल्या वसंत देसाईंचं, आवाज तेव्हा लहान असलेल्या साधना सरगमचा. उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. पुढे १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत टीव्ही पोचवण्याचा 'साइट' प्रयोग झाला, तेव्हा मुलांसाठी कार्यक्रम तयार करणाऱ्या दिल्लीतल्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राची धुरा विजयाताईंनी वाहिली. ते केंद्र १९८४ साली एनसीईआरटीच्या सीआयईटी या संस्थेत मिसळलं. श्री अरबिंदो मार्गावर ती संस्था आजही आहे.

भीमसेन यांचा प्रवास उलट्या दिशेचा. फाळणीत मुलतान सुटलं, लखनौत चित्रकला शिकले आणि १९६१ साली मुंबईत येऊन फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वभूमी रंगवायच्या कामाला लागले. पार्श्वभूमी रंगवणं म्हणजे पात्रांच्या मागची झाडं, भिंती, आभाळ. तिथून सुरुवात करून त्यांनी १९७० मध्ये 'द क्लाइम्ब' केला आणि शिकागोच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळालं. पहिली नोकरी मनाजोगती नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या मुलांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

ही समजावून सांगण्याची परंपरा आज दिल्लीत पसरलेली आहे. मंत्रालयांच्या योजनांच्या छोट्या फिती, आरोग्य मोहिमा, स्वयंसेवी संस्था, ऑनलाइन शिकवणीच्या कंपन्या, बँकांची ॲप. नोएडाच्या सेक्टर १६ए मधल्या फिल्म सिटीत वृत्तवाहिन्यांना रात्रंदिवस ग्राफिक्स लागतात: निवडणुकीचे आकडे, अपघात कसा झाला ते दाखवणारे नकाशे, वादळाची वाट. गुरुग्राममध्ये गेमसाठी चित्रं, पात्रं, वस्तू घडवण्याचं काम आहे. तिथली लक्ष्य डिजिटल ही कंपनी २००४ पासून परदेशी गेम कंपन्यांसाठी हे काम करते. म्हणजे घरून निघण्याआधी मुलाने एवढं ठरवलं पाहिजे, की आपल्याला गेमसाठी वस्तू घडवायच्या आहेत की माहिती हलती करायची आहे. दोन्हींचे सराव वेगळे, लागणारे नमुने वेगळे, आणि कचेऱ्याही शहराच्या दोन टोकांना. सिनेमाच करायचा असेल, तर मी स्पष्ट सांगते, महाराष्ट्रातल्या मुलाने मुंबई सोडून दिल्लीला यायचं कारण नाही.

संगमनेरच्या सरांना मी म्हटलं, फी भरू नका, आधी मुलाची रील मला पाठवा. रील म्हणजे आपल्या उत्तम कामाची छोटी चित्रफीत. या धंद्यात पदवीच्या कागदाआधी ती बघतात.

आली. चार मिनिटं वीस सेकंद. सुरुवातीला स्वतःचं नाव फिरत फिरत येतं, मागे दणदणीत गाणं. मग गुलाबी आयसिंगचा डोनट. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर शिकणारं प्रत्येक मूल यूट्यूबवर बघून तो डोनट करतं, आणि नोकरी देणारा माणूस असे डोनट रोज बघतो. मग एक रोबो, एक गाडी, दोन लोगो. मुलाचा हात चांगला होता. शेवटी कुठेतरी सहा सेकंद एक म्हातारी ओट्यापाशी वळते, तिचा पदर जरा उशिराने मागून येतो. हे त्याने कुठून उचललेलं नव्हतं, स्वतः बघून केलेलं होतं. आणि ते सगळ्यात शेवटी लपलं होतं. तिथवर कोणी पोचत नाही.

मी त्याला फोन केला. म्हटलं, रील एका मिनिटाची कर. सर्वांत चांगलं काम पहिल्या दहा सेकंदांत. बघून केलेले धडे काढून टाक. दोघांनी मिळून केलेलं असेल, तर तुझा वाटा कुठला ते खाली लिही. गाणं नको. आणि एक नवीन काम कर: घरच्या घरी जलसंजीवनी कशी करायची ते चाळीस सेकंदांत दाखव. शब्द कमीत कमी.

"ताई, एवढंच?" तो म्हणाला.

प्रमाण सगळ्यांना माहीत असतं: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पहिल्या प्रयत्नात त्याने भांडं सुंदर काढलं, पाणी तर फारच छान. पण चमच्यावर साखरेची शीग होती. मीठही तसंच, ढिगाने. मी विचारलं, हे बघून एखाद्या आईने मीठ शिगेने घातलं तर? जास्त मीठ बाळाला अपाय करतं. सगळ्या चाळीस सेकंदांत महत्त्वाचं काय असेल तर चमचा सपाट आहे हे दाखवणं. ते तू दाखवलंच नाहीस.

तीन आठवडे तो त्या एका दृश्यावर बसला. चमच्यावर शीग येते, बोट येऊन ती पुसतं, जादा साखर डब्यात पडते. पडद्यावर दोन सेकंद. सेकंदाला चोवीस चौकटी, दर दोन चौकटींना एक चित्र धरलं तरी चोवीस चित्रं झाली. बोट एकसारख्या वेगाने सरकलं की यंत्रासारखं दिसतं. सुरुवातीला जरा रेंगाळावं लागतं, मध्ये सर्रकन जावं लागतं, शेवटी दाण्यांचा भार जाणवून थबकावं लागतं. चेंडूची उडी आणि माणसाची चाल यांचा सराव शिकवणारे का करून घेतात, ते त्याला तेव्हा उमगलं. मला आठवड्यातून दोनदा फिती यायच्या. सहावी बरोबर आली.

हे सगळं त्याने घरी बसून केलं, फुकट मिळणाऱ्या ब्लेंडर आणि क्रिटावर. लॅटव्हियाच्या 'फ्लो' या चित्रपटाला मार्च २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं, तो याच ब्लेंडरवर केलेला आहे. महागड्या सॉफ्टवेअरसाठी संस्थेत जायलाच हवं, असं कोणी सांगितलं तर पालकांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

संस्थांबद्दल थोडं कडक बोलते, कारण मीही कधीकाळी राजधानीतल्या एका संस्थेत वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतले पैसे भरले होते आणि वर्षभरात तीन शिक्षक बदललेले पाहिले होते. भिंतीवरचे नोकरी लागलेल्यांचे फोटो बघू नका. गेल्या वर्षीच्या दहा विद्यार्थ्यांच्या रील मागा. दाखवत नाहीत, तर उठा. नोकरी लावून देऊ म्हणजे कुठल्या पदाची, हे विचारा, कारण डेटा एंट्रीलाही काही ठिकाणी प्लेसमेंट म्हणतात. हप्त्यांची सोय सांगितली, तर कर्ज कोणाच्या नावावर चढतं ते कागद वाचून बघा. मूल मध्येच बाहेर पडलं तरी बऱ्याचदा हप्ते चालू राहतात. सही त्याच दिवशी करू नका.

चांगलं शिक्षण घ्यायचंच असेल तर प्रवेश परीक्षांची तयारी करा. राष्ट्रीय डिझाइन संस्थेची (एनआयडी) परीक्षा, आयआयटीच्या डिझाइन शिक्षणासाठी बारावीनंतर यूसीड आणि पदवीनंतर सीड. दिल्लीतच जामिया मिल्लिया इस्लामियाच्या जनसंवाद केंद्रात पदवीधरांसाठी व्हिज्युअल इफेक्ट्स आणि ॲनिमेशनचं एमए आहे. मुंबईत जे.जे. उपयोजित कला आणि आयआयटीचं आयडीसी आहे. यासाठी एक वर्ष थांबावं लागलं तरी ते वाया गेलं असं मी मानत नाही.

आता राहण्याचं. दिल्ली आणि शेजारच्या हरियाणा, उत्तर प्रदेश या राज्यांतले भाग मिळून हे एक शहर झालेलं आहे. नोकरी नोएडात लागली तर खोली नोएडात किंवा मेट्रोच्या ब्लू लाइनवर, लक्ष्मीनगर-मयूर विहार बाजूला. गुरुग्राममध्ये लागली तर यलो लाइनवर. नोएडात राहून रोज गुरुग्राम गाठणाऱ्या मुलांचं चित्र काढणं पहिल्यांदा सुटतं, कारण संध्याकाळ राजीव चौकात गाडी बदलण्यातच जाते. पीजीत विजेचं बिल युनिटमागे किती लावतात ते आधी विचारा, कारण काँप्युटर रात्रभर रेंडर करतो, म्हणजे अंतिम चित्रं तयार करत चालूच राहतो. ग्राफिक्स कार्ड किंवा दुरुस्तीसाठी नेहरू प्लेस आहे, पण पक्की पावती घेतल्याशिवाय तिथून हलू नका. मुलींनी मुलाखतीतच विचारावं: उशीर झाला तर घरी सोडायला गाडी आहे का? हा प्रश्न विचारल्याने नोकरी जात नाही. गेली तर ती न मिळालेलीच बरी.

सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून यावं. पहिला पगार बऱ्याच जणांचा भाडं, जेवण आणि मेट्रोतच संपतो. नोकरीच्या नावाखाली जो आधी पैसे मागतो, त्याला एक रुपया देऊ नका. चाचणी म्हणून आठवडाभराचं काम फुकट मागितलं, तर एका दिवसाचं करून देईन, असं नम्रपणे सांगा.

सरांनी शेवटी विचारलेला प्रश्न सगळ्यांत खरा होता: "ही नोकरी टिकेल का?" मी त्यांना गोड सांगितलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही जगभर पसरलेली कंपनी कोसळली आणि बंगळुरू-मुंबईतली आपली असंख्य कुशल मुलं एका आठवड्यात घरी बसली. कडा कापणं, रेषा साफ करणं अशी तीच ती कामं आता यंत्रं झपाट्याने शिकत आहेत. म्हणून एकाच यंत्रावर एकच बटण दाबायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाची मला भीती वाटते. चमच्यावरची शीग पुसायला हवी हे ज्याला सुचतं, त्या मुलाची वाटत नाही.

ऑगस्टमध्ये सरांच्या मुलाने सव्वीस ठिकाणी रील पाठवली. चार उत्तरं आली, त्यांतल्या नोएडाच्या सेक्टर ६३ मधल्या एका छोट्या स्टुडिओने बोलावलं. तिकीट तेव्हा काढलं. पगार फार नाही. तीन मुलं मिळून एका खोलीत राहतात, एक नाशिकचा, एक गोरखपूरचा.

डिसेंबरात सर भेटायला आले, गावाहून शिवून आणलेली गोधडी घेऊन. सकाळचं धुकं इतकं दाट होतं की समोरची इमारत दिसत नव्हती. चहाच्या टपरीवर मुलाने मोबाइल पुढे केला आणि ती चाळीस सेकंदांची फीत लावली. घरात ती त्यांनी कधी नीट पाहिलीच नव्हती. चमच्यावर बोट आलं, शीग पुसली गेली. सरांनी फीत मागे घेतली, पुन्हा बघितली.

"हे बोट आईचं आहे," ते म्हणाले. "करंगळी अशी वर धरायची सवय तिचीच."

"हो," मुलगा म्हणाला, "आजीचा व्हिडिओ काढून तो समोर ठेवला होता."