बचत खात्यातील उणे शिल्लक व बँकेचे आकार

बाभुळगाव तालुक्यातील शेतकऱ्याचा पैसा वर्षातून बहुधा एकदाच येतो आणि जातो मात्र बाराही महिने. कपाशी, सोयाबीन व तूर यांची पेरणी जूनमधील पावसावर अवलंबून असते. बेंबळा प्रकल्पाचे पाणी ज्या शिवारास मिळते, तेथेही बियाणे, खत आणि मजुरीचा खर्च त्याच सुमारास उभा राहतो. सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीच्या आगेमागे आणि कापसाचा चुकारा त्यानंतर हाती येतो. मधल्या चार-पाच महिन्यांत बँकेच्या खात्यातील शिल्लक तळाला गेलेली असते, आणि नेमक्या याच काळात खात्यावर निरनिराळे आकार पडू लागतात. पुढे चुकारा किंवा अनुदान जमा झाले की त्यातून ही रक्कम आपोआप वजा होते. पासबुक भरून घेईपर्यंत शेतकऱ्यास त्याचा पत्ताही नसतो.

खात्यात जेवढी रक्कम आहे तिच्याहून अधिक उचल झाली म्हणजे त्यास अधिकर्ष किंवा ओव्हरड्राफ्ट म्हणतात. बँकेने आधी मर्यादा ठरवून मंजूर केलेला अधिकर्ष हा कर्जाचाच एक प्रकार होय व त्यात वावगे काही नाही. प्रधानमंत्री जनधन योजनेच्या खात्यावर, ते सहा महिने समाधानकारकपणे चालविले असल्यास, १०,००० रुपयांपर्यंत असा अधिकर्ष मिळू शकतो. ही मर्यादा २०१८ पूर्वी ५,००० रुपये होती. सावकाराकडून हातउसने घेण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही स्वस्त पडतो. परंतु मंजुरी नसताना खाते उणे झाले तर तो निराळा विषय आहे. त्यावर बँक आपल्या दरपत्रकाप्रमाणे व्याज व आकार लावते आणि प्रत्येक आकारावर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडतो.

शेतकऱ्याने जाणूनबुजून जास्त उचल केली म्हणून खाते उणे झाले, असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा त्याच्या हातून काहीच घडलेले नसते. व्यापाऱ्याने मालाबद्दल दिलेला धनादेश जमा दाखविला जातो, त्या भरवशावर पैसे काढले जातात आणि दोन दिवसांनी धनादेश न वटता परत येतो. किंवा एटीएम कार्डाचे वार्षिक शुल्क, संदेशसेवेचे शुल्क, किमान शिल्लक न राखल्याचा दंड अशा बारीकसारीक रकमा रिकाम्या खात्यावर चढत जातात. काही बँका अशी रक्कम येणे म्हणून नोंदवून ठेवतात व खात्यात पैसे येताच वळती करतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने परिणाम एकच.

सर्वांत महाग पडतो तो परत गेलेला हप्ता. समजा, एका शेतकऱ्याने मोटारसायकलीसाठी कर्ज घेतले असून दरमहा २,८५० रुपयांचा हप्ता ५ तारखेस खात्यातून आपोआप वळता करण्याची लेखी अनुमती दिली आहे. जुलैच्या ५ तारखेस खात्यात २,१०० रुपये आहेत. हप्ता परत जातो. बँकेचा आकार २५० रुपये व त्यावर ४५ रुपये कर धरल्यास २९५ रुपये वजा होऊन शिल्लक १,८०५ राहते. (आकाराचा दर बँकेगणिक निराळा असतो, हा आकडा केवळ उदाहरणादाखल घेतला आहे.) ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत तेच घडले, तर शिल्लक १,२१५ वर येते. पहिली तूट ७५० रुपयांची होती. तिच्यापायी तीन महिन्यांत ८८५ रुपये गेले आणि हप्ता एकही भरला गेला नाही. शिवाय कर्ज देणारी कंपनी हप्ता चुकल्याबद्दल आपला आकार वेगळा लावते. म्हणजे एका चुकीचे मोल दोन ठिकाणी द्यावे लागते. हप्त्याच्या तारखेस रक्कम पुरणार नाही असे दिसताच कंपनीस आधी कळवून तारीख बदलून घेणे, अथवा हंगामी उत्पन्नास धरून सहामाही हप्ता ठरवून घेणे हाच यावरील उपाय होय. कर्ज घेतानाच ही गोष्ट बोलून घ्यावी, कारण कागदावर सही झाल्यावर कोणी ऐकत नाही.

३१ मेचा सुमारही असाच नाजूक असतो. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये त्या वेळी खात्यातून वळते होतात. ४५६ रुपये नसतील तर हप्ता जात नाही व विमा खंडित होतो. प्रत्येक विम्याचे संरक्षण २ लाख रुपयांचे आहे. ऐन पेरणीत, विजा व सर्पदंशाच्या दिवसांत, एवढ्या रकमेसाठी हे संरक्षण गमावणे कोणत्याही कुटुंबास परवडणारे नाही.

किमान शिल्लकेचा दंड

याबाबत भारतीय रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे, पण गावात तो फारसा कोणास ठाऊक नसतो. दि. २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने, १ एप्रिल २०१५ पासून, बँकेने ग्राहकास आधी सूचना दिली पाहिजे आणि शिल्लक भरून काढण्यास किमान एक महिन्याची मुदत दिली पाहिजे. दंड तुटीच्या प्रमाणात असावा. आणि केवळ या दंडामुळे बचत खाते उणे होता कामा नये. पासबुकात शिल्लक शून्याखाली गेलेली दिसली व तिचे कारण हा दंड एवढेच असेल, तर ती नोंद नियमाविरुद्ध आहे. शेतकऱ्याने ती रक्कम भरण्याऐवजी परत मागावी. भारतीय स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्यावरील हा दंड रद्द केला व २०२५ च्या जून-जुलै महिन्यांत इतरही अनेक सार्वजनिक बँकांनी तसेच केले. तथापि सर्व बँकांनी तो सोडलेला नाही. आपल्या शाखेतील दरपत्रक पाहूनच खात्री करावी.

अशा आकारांविरुद्ध ओरड केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. इंग्लंडातील खातेदार याच प्रश्नावर न्यायालयात गेले होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा निर्णय बँकांच्या बाजूने लागला. अखेर एप्रिल २०२० मध्ये तेथील नियामक संस्थेने ठोक आकार बंद केले आणि विनामंजूर अधिकर्षाचा दर मंजूर अधिकर्षाहून जास्त असू नये असे ठरविले.

ज्या शेतकऱ्याच्या खात्यात वर्षातील काही महिने शिल्लक राहतच नाही, त्याने दंडाशी भांडत बसण्यापेक्षा मूलभूत बचत ठेव खाते उघडणे अधिक शहाणपणाचे होय. यात किमान शिल्लकेची अट नाही, एटीएम कार्ड विनाशुल्क मिळते व महिन्यातून निदान चार वेळा पैसे काढण्यास आकार पडत नाही. चालू असलेले साधे बचत खातेही अर्ज देऊन या प्रकारात बदलून घेता येते. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. पीएम-किसानचे २,००० रुपये किंवा इतर अनुदान आधार क्रमांकाच्या आधारे जमा होते, व ज्या खात्याशी आधार शेवटी जोडला असेल त्यातच ते जाते. उणे पडलेल्या जुन्या खात्याशी आधार जोडलेला असेल तर अनुदानाचा पहिला घास आकारांचा. यासाठी आधार मूलभूत खात्याशी जोडून घेणे इष्ट होय. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १७१ प्रमाणे बँकेस आपल्या खऱ्या येण्यासाठी ग्राहकाची रक्कम अडवून ठेवण्याचा सर्वसाधारण हक्क आहे, हेही विसरून चालणार नाही. जुने खाते नुसते सोडून दिल्याने येणे बुडत नाही. ते तपासून, चुकीचे आकार परत घेऊन, रीतसर बंद करावे.

पीक कर्जाचे खाते

किसान क्रेडिट कार्डाच्या खात्यात संपूर्ण मर्यादा जूनमध्येच उचलण्याची प्रथा आढळते. १ लाख रुपये मर्यादा व ७ टक्के दर धरल्यास सहा महिन्यांत सुमारे ३,५०० रुपये व्याज होते. ते नावे पडताच खाते मर्यादेबाहेर जाते. म्हणून व्याजापुरती जागा मोकळी ठेवून उचल करावी. मुदतीत फेड करणाऱ्यास केंद्राची ३ टक्के सवलत मिळते, म्हणजे लाखास वर्षाचे ३,००० रुपये. शिवाय राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर व्याजाचा बोजा उरत नाही. मुदत टळली की दोन्ही सवलती जातात.

थकलेल्या कर्जावर दंडाचे व्याज लावून त्यावर पुन्हा व्याज धरण्याची जुनी पद्धत होती. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार १ एप्रिल २०२४ पासून दंड हा केवळ आकार म्हणूनच घेता येतो व त्यावर पुढे व्याज चढविता येत नाही. लहान व सीमान्त शेतकऱ्यांच्या अल्पमुदतीच्या कर्जावर एकूण व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, हाही रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. आपल्याकडील दामदुपटीचा जुना नियम याहून वेगळा नव्हता.

तक्रार कशी करावी

पासबुक निदान दर तीन महिन्यांनी भरून घ्यावे आणि न समजणाऱ्या प्रत्येक नोंदीखाली रेघ ओढावी. तोंडी विचारपूस करण्यास हरकत नाही, परंतु तोंडी तक्रारीची मोजदाद कोठेही होत नाही. अर्ज पुढील नमुन्याप्रमाणे असावा:

“मा. शाखा व्यवस्थापक यांस. माझ्या बचत खाते क्र. ...... मधून दि. ...... रोजी रु. ...... किमान शिल्लक आकार म्हणून वजा झाले असून त्यामुळे खात्यात उणे रु. ...... शिल्लक दाखविली आहे. मला याची पूर्वसूचना मिळालेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या दि. २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाप्रमाणे या आकाराने खाते उणे करता येत नाही. तरी सदर रक्कम करासह परत जमा करावी व माझे खाते मूलभूत बचत ठेव खात्यात बदलून द्यावे. सोबत पासबुकाच्या पानाची प्रत जोडली आहे.”

अर्ज दोन प्रतींत लिहून एका प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्यावी. शिक्का देण्यास टाळाटाळ झाली तर अर्ज टपालाने नोंदवून पाठवावा व पावती जपावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. येथे विलंब करू नये, कारण या तक्रारीसही मुदत असते. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका पूर्वी या योजनेबाहेर होत्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यांचाही तीत समावेश झाला आहे. माहितीसाठी १४४४८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. लेखी तक्रार रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीकृत तक्रार स्वीकृती व प्रक्रिया केंद्राकडे, सेक्टर १७, चंडीगड १६००१७ या पत्त्यावर जाते. तीसोबत शाखेस दिलेल्या अर्जाची शिक्क्याची प्रत, बँकेचे उत्तर आले असल्यास ते, आणि पासबुकाची पाने जोडावीत. मूळ कागद मात्र घरीच ठेवावेत.